पांढरी पाचच्या जरा वर

आप्पा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आईला नमस्कार करायच्या आधी त्यांनी आमच्या फ्रिजला कान लावला. आई पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिला वाटलं, मी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलंय. "गॅस गेलाय का हो?" तिनं विचारलं. आप्पांनी थांबा म्हणून एक बोट वर केलं, डोळे मिटले आणि फ्रिज आपला आपण बंद होईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले. मग सरळ होऊन त्यांनी हात जोडले.

"नमस्कार, व्हायोलिनच्या आई. पंचम झकास हाय तुमच्याकडं."

ते गेल्यावर आई म्हणाली, "माणूस चांगला दिसतोय. पण घरचे लक्ष ठेवतात ना त्याच्यावर?"

व्हायोलिन म्हणजे मी. आप्पा कुणालाच नावानं हाक मारत नसत. माणूस जे वाजवतो ते त्याचं नाव. आम्ही चौघं होतो. व्हायोलिन मी, शिरूरची. तबला न्हावऱ्याचा, घरी ऊस, कांदा आणि दावणीला म्हशी. बासरी दौंडचा, पोटासाठी लग्नांची शूटिंग करणारा, त्यामुळे कॅमेरा त्याच्याकडे. आणि चौथे गाणारे, म्हणजे स्वतः आप्पा. चौघंही रीतसर शिकलेले आणि चौघांनाही कुणी कुठे बोलवत नव्हतं. म्हणून आम्ही आमचेच व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायला लागलो. आमच्या चॅनेलचं नाव होतं 'सा कुठाय'. नाव आप्पांनी ठेवलं. कुठल्याही नव्या जागी पाऊल टाकलं की त्यांच्या तोंडून पहिले हेच दोन शब्द निघायचे.

आमची भेट विशारदच्या परीक्षेत झाली. दौंडच्या एका शाळेत केंद्र होतं. बाकावर आम्ही विशीतली पोरं घसे खाकरत बसलेलो आणि तिथे हे आले, साठीला टेकलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रेल्वेचे काळे बूट, काखेत गुंडाळलेली चटई. परीक्षकच आले असं समजून आम्ही ताडकन उभे राहिलो. "बसा बसा," ते म्हणाले, "माझाबी नंबर तुमच्यातच हाय." आत गेल्यावर परीक्षकांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला, तर यांनी हात जोडून विनंती केली, की तेवढा बंद करा, वरचा पंखा देतोय. परीक्षक पंख्याकडे बघायचे, मग आप्पांकडे बघायचे. आम्ही तिघं दारातून हसू दाबत होतो. शेवटी त्यांनी तंबोरा बंद केला आणि आप्पा पंख्याच्या साथीवर वीस मिनिटं तोडी गायले. पाचव्या मिनिटाला आमचं हसू थांबलं होतं. परीक्षकांनी त्यांना काठावर पास केलं, आणि आम्ही तिघं त्यांच्या मागोमाग चहाच्या टपरीपर्यंत गेलो ते पुढं सहा वर्षं मागोमागच राहिलो.

पंख्याच्या साथीवर म्हणजे काय, ते सांगायला हवं. वीज जिथं जिथं जाते तिथं एक बारीक गुणगुण करते. पंखा, फ्रिज, ट्यूबचा चोक, गावाबाहेरचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांचा सूर एकच. पेटीवर शोधायला गेलात तर पांढरी पाचच्या जरा वर सापडतो, पण काळी चारपर्यंत पोचत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी तो राहतो. आप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. तीस वर्षं यंत्रांच्या खोलीत बसून त्यांनी हा सूर ऐकला आणि ठरवून टाकलं, की हा पंचम आहे, तंबोऱ्याची पहिली तार. सा आपला आपण लावायचा.

"अख्ख्या देशाला एकच पंचम," ते म्हणायचे. "पाटलाच्या माडीवर त्योच, आमच्या वस्तीत त्योच. कुनाकडं मागायला जायला नको."

हे मागायला जायला नको म्हणताना त्यांचा आवाज जरा कडक व्हायचा. त्यांचे वडील रेल्वे कॉलनीत जयंतीला भीमगीतं गायचे. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं म्हणतात. मुलानं मात्र ख्याल धरला. ड्यूटी संपली की गाडी पकडून पुण्याला गुरुजींकडे, अशी चौदा वर्षं. गुरुजींनी शिकवताना हात आखडला नाही, हे आप्पा आवर्जून सांगायचे. पण चौदा वर्षांत गुरुजींच्या मैफलीत त्यांच्या मागं तंबोरा घेऊन बसायची पाळी यांच्यावर एकदाही आली नाही. "तंबोरे दोनच व्हते," एवढंच ते म्हणत. शिष्य किती होते आणि कोण कोण बसायचे, ते मी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

इकडे वस्तीतले लोक म्हणत, बापाचा आवाज घेतलाय आन् गातंय काय तरी भलतंच. जयंतीला दरवर्षी एक गाणं ते वडिलांचं म्हणायचे, तेव्हा सगळे मान डोलवायचे. उरलेलं वर्षभर त्यांचं गाणं ऐकायला कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी भुसावळला. दौंडला स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या, त्यात ते, एक चटई आणि एक जुना फ्रिज. फ्रिजमध्ये कधी काही ठेवलेलं मी पाहिलं नाही. तो चालू मात्र असायचा.

रोज सकाळी सात वाजता ते आम्हा तिघांना फोन करायचे. साधा बटणाचा फोन. हॅलो नाही, काय चाललंय नाही. एक दमसासभर सा लावायचे. आपण तोच सा परत द्यायचा. दिला की फोन ठेवायचे. याला ते हजेरी म्हणत. त्या वेळेला मी कंपनीच्या बसमध्ये असायची. सुरुवातीला लाज वाटायची, मग ओढणीआड, आणि शेवटी उघड्यावरच मी सा लावायला लागले. ड्रायव्हर आरशातून बघायचा. एकदा फोन आला नाही तर तोच म्हणाला, "मॅडम, आज तुमचं ते न्हाई झालं का?" तबल्याची तर आणखी फजिती. तो त्या वेळी म्हशीखाली बसलेला असायचा. त्याची आई सांगायची, पोरगं आ लावतं तवा म्हस दूध चोरती.

व्हिडिओ करायचे त्यांचे नियम होते. एक, जागेचा सूर सापडल्याशिवाय चटई अंथरायची नाही. दोन, एकदा कॅमेरा सुरू झाला की मध्ये कापाकापी नाही. "लग्नात कापा, गाण्यात न्हाई," असं ते बासरीला बजावायचे. तीन, झालेला व्हिडिओ आप्पा स्वतः कधीही बघणार नाहीत. गायलेलं परत ऐकणं त्यांना शिळं वाटायचं. आम्ही कांदाचाळीत केला, पिठाच्या गिरणीत केला, एकदा उसाच्या शेतातल्या डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, केला. बासरीचे फार हाल. व्हायोलिन पिळता येतं, तबला ठोकून चढवता येतो, पण बासरी एकदा भोकं पाडली की पाडली. दोन पट्ट्यांच्या मधला तो सूर काढायला तो ओठ असे वाकडे करायचा, की पाहणाऱ्याला वाटावं दाढ दुखतेय. बघणारे कोण? आमची नातीगोती, आणि परदेशातला कुणी एक जण, जो प्रत्येक व्हिडिओखाली नुसता अंगठा ठेवायचा. आप्पांना त्याचं फार कौतुक. "अंगठा आला का?" एवढं मात्र ते विचारायचे.

खुटबावचा व्हिडिओ आम्ही एका दूध संकलन केंद्रात केला. तिथं दूध गार ठेवायची मोठी टाकी होती आणि तिच्या यंत्राचा सूर आप्पांना महिनाभर आधी जाता जाता ऐकू आला होता. सकाळचं दूध घालून लोक गेले की साडेदहाला जागा मोकळी. केंद्र सांभाळणाऱ्या मामांनी परवानगी देताना एकच अट घातली: "काय गायचं ते गा, फकस्त टाकीचं झाकण उघडू नका." आप्पा डेमू गाडीनं आले, आम्ही मोटरसायकलींवर. आप्पा टाकीला पाठ लावून बसले. म्हणाले, आधी दहा सेकंद कुणी काही वाजवायचं नाही, नुसता पंचम ऐकवायचा. आम्ही दहा सेकंद गप्प बसलो. मग त्यांनी जौनपुरी सुरू केला.

मी त्यांचं गाणं सहा वर्षं ऐकलं. त्या दिवसासारखं कधी ऐकलं नाही. जौनपुरीत कोमल धैवतावरून पंचमावर उतरायचं असतं, तिथं त्या रागाचा जीव आहे. ते उतरायचे आणि खाली यंत्राचा पंचम त्यांना झेलायचा. कुठून त्यांचा आवाज संपला आणि यंत्राचा सुरू झाला ते कळत नव्हतं. माझा गज थांबला, मी नुसती ऐकत बसले. पंधराव्या मिनिटाला ते असेच धैवतावर उभे होते, आता उतरणार, आणि दूध गार झालं म्हणून यंत्र बंद पडलं.

आप्पा तिथंच थांबले. तोंड अर्धवट उघडं, हात वर, डोळे मिटलेले. उतरायला खाली काही नव्हतं म्हणून उतरले नाहीत. आम्हीही थांबलो. कापायचं नाही हा नियम, त्यामुळे बासरीनं कॅमेरा चालू ठेवला. पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. मामा बादली घेऊन आले, आमच्याकडे बघून चवड्यांवर चालत गेले. अकरा मिनिटं. मग यंत्र सुरू झालं आणि आप्पा धैवतावरून पंचमावर उतरले, जसं काही मध्ये काही घडलंच नव्हतं. तबल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं.

आता माझा पराक्रम सांगते.

मी कंपनीत पंपांचे आवाज मोजते. पंप गुणगुण करतो का, किती करतो, ती कशी घालवायची, दिवसभर हेच. आमच्या व्हिडिओंचा आवाज साफ करायचं कामही साहजिकच माझ्याकडे. त्या आठवड्यात कामाचा ताण होता, म्हणून लॅपटॉप घेऊन मी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसले. आवाज साफ करायचा प्रोग्रॅम असतो, त्याला आधी नमुना द्यावा लागतो, की हा बघ कचरा, एवढा सगळीकडून काढ. नमुन्यासाठी कुणी बोलत नाही अशी जागा शोधायची. व्हिडिओच्या सुरुवातीला दहा सेकंद कुणीच काही वाजवत नव्हतं. मी ते दहा सेकंद निवडले, बटण दाबलं आणि डबा उघडला. हात सवयीनं चालला होता. नंतर कानाला हेडफोन लावून मी पूर्ण ऐकलंसुद्धा. मला पंचम ऐकू येत होता. कॅन्टीनच्या भिंतीतला एक्झॉस्ट फॅन तो देत होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी व्हिडिओ टाकून दिला.

लोकांना काय दिसलं असेल? एक म्हातारे गृहस्थ गाता गाता एकदम तोंड उघडं ठेवून थिजतात. चिमण्या चिवचिवतात, मागून एक माणूस बादली घेऊन चवड्यांवर जातो, आणि हे तसेच. अकरा मिनिटांनी, काही कारण नसताना, परत सुरू. कुणीतरी तेवढाच तुकडा कापला, वर गोल गोल फिरणारं चक्र लावलं आणि खाली लिहिलं, 'आप्पांचं नेट गेलं'. दोन दिवसांत तो तुकडा आमच्या बसमधल्या ड्रायव्हरच्या फोनवर होता. माझ्या मावशीनं मलाच पाठवला. ज्या चॅनेलवर एक अंगठा यायचा तिथं माणसं लोंढ्यानं आली.

त्या संध्याकाळी घरी, पंखा बंद करून, मी व्हिडिओ परत ऐकला, तर पंचम त्यात कुठेच नव्हता. मूळ फाईल माझ्याकडे होती. चुकीचा काढून बरोबर टाकायला दहा मिनिटं पुरली असती. मी तबल्याला आणि बासरीला फोन करून सांगितलं. बासरी म्हणाला, "वेडी आहेस का? आता काढला तर आलेली माणसं जातील. पुण्याहून कार्यक्रमासाठी विचारतायत. आप्पा कुठे बघतात व्हिडिओ?" तबला म्हणाला, "ऱ्हाऊ दे काही दिवस." आणि मी काय म्हणाले? मी 'बरं' म्हणाले. माझ्यावर कुणी बळजबरी केली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसं माझ्या व्हायोलिनबद्दल चांगलं लिहीत होती आणि मला ते हवं होतं.

आप्पा व्हिडिओ बघत नसत, पण दौंड बघत होतं. फलाटावर कॉलेजची पोरं त्यांना बघून तोंड उघडं टाकून उभी राहायची. टपरीवाला म्हणायचा, "आप्पा, रेंज हाय का?" चार दिवस त्यांना कळेना, हसतायत कशाला. पाचव्या दिवशी टपरीवाल्यानं त्यांना सगळा व्हिडिओ दाखवला.

त्या रविवारी आम्ही न्हावऱ्याला तबल्याच्या कांदाचाळीत जमलो होतो. आप्पा एसटीनं आले. चटई काखेतच होती, अंथरली नाही. उभ्याउभ्याच बोलले.

"चिमन्या आल्यात त्यात. तबला आलाय. मामाची बादली आलीय. मग मशीन कसं न्हाई आलं?"

आप्पांनी तबल्याकडे बघितलं.

"तवा मशीन चालू व्हतं ना रं, तबला?"

तबल्यानं मान खाली घातली. म्हणाला, "माझं ध्यान तबल्यावर व्हतं, आप्पा." बासरी म्हणाला, तो कॅमेऱ्यात बघत होता. मग आप्पा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. रागावलेला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. रस्ता चुकलेला माणूस पत्ता विचारतो तसं ते माझ्याकडे बघत होते.

"व्हायोलिन, तुझा कान पक्का हाय. तू सांग. तुला ऐकू आला व्हता पंचम?"

आणि मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही, आप्पा."

एवढं एक वाक्य. मूळ फाईल माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होती.

आप्पा मान हलवत "बरं, बरं" म्हणाले. तबल्याच्या आईनं भाकरीला थांबा म्हटलं, थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बसमध्ये फोन हातात धरून बसायची. मी उलटा फोन करावा असं मला वाटलं नाही असं नाही. पण फोनवर सा लावायचा कुठल्या तोंडानं?

नंतरचं मला बासरीकडून कळत गेलं. आप्पा खुटबावला जाऊन मामांना भेटले. मामा म्हणाले, "त्या दिशी लाइट व्हती का गेली व्हती, काय सांगावं आप्पा, रोजचंच हाय आमचं." मग ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं तपासून सांगितलं, की वयानं कानात गुणगुण होते, पुष्कळांना होते, बाहेर काही नसतं, आतच वाजतं. तेवढं आप्पांना पुरलं. परीक्षेतला पंखा, कांदाचाळ, डीपी, आमचा फ्रिज, तीस वर्षं ऐकलेली ती यंत्रांची खोली, या सगळ्याचा त्यांनी नव्यानं हिशेब लावला आणि निष्कर्ष काढला, की जगात तसला पंचम कुठं नव्हताच. आपल्या कानात काहीतरी वाजत होतं आणि आपण शहाणी तीन पोरं त्याच्यामागं फरफटवली. बासरीला ते म्हणाले, "तुमी मला लई सांभाळून घेतलं." त्यांनी गाणं बंद केलं.

हे ऐकून बासरीही हलला असावा, पण पुण्याचा कार्यक्रम ठरत आला होता. त्या लोकांना आप्पाच हवे होते, स्टेजवर तोंड उघडं ठेवून थांबणारे. हे मला कळलं त्या दिवशी मी कुणालाही न विचारता व्हिडिओ काढून टाकला आणि मूळ आवाजाचा टाकला. माणसं आली तशी गेली. कापलेला तुकडा मात्र लोकांच्या फोनमध्ये फिरतच राहिला, त्याला माझा इलाज नव्हता. बासरीनं माझ्याशी बोलणं सोडलं. तबला म्हणाला, बरं केलंस, आणि म्हशींमागं लागला. 'सा कुठाय' तिथं संपलं. ही सगळी बहादुरी करायला मला आठ महिने लागले होते.

मग एका रविवारी सकाळी मी दौंडला गेले. आप्पांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, त्यानंच मला जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ये व्हायोलिन, ये. बस." आत शिरल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं, फ्रिज बंद होता. त्याच्यावर त्यांनी औषधं मांडली होती.

मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. नमुना म्हणजे काय, प्रोग्रॅम म्हणजे काय, कॅन्टीन, कांदाचाळ, सगळं. "आप्पा, पंचम होता. मला ऐकू आला होता. आम्हा तिघांनाही आला होता. मी तुमच्याशी खोटं बोलले." बोलता बोलता मी रडायला लागले. आप्पा गडबडले. "अगं, अगं," करत त्यांनी मला पाणी दिलं. मी लॅपटॉप काढला, हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले आणि मूळ फाईल सुरू केली.

सहा वर्षांत त्यांनी स्वतःचं गाणं कधी परत ऐकलं नव्हतं, तेही त्यांनी माझ्याखातर ऐकलं. मांडी घालून, डोळे मिटून, सबंध. सुरुवातीच्या दहा सेकंदांत त्यांच्या भुवया वर गेल्या. गाण्यातले आप्पा धैवतावर थांबले तिथं यांचाही श्वास थांबला. ती अकरा मिनिटंही त्यांनी पुढं ढकलू दिली नाहीत. यंत्र परत सुरू झालं तेव्हा त्यांचा हात आपोआप उतरला आणि मांडीवर टेकला. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, मिटलं. गेलेलं सगळं मी त्यांना परत आणून दिलं.

त्यांनी हेडफोन काढले. चेहऱ्यावर असं कौतुक, की तसं त्यांनी माझं कधी केलं नव्हतं.

"अगदी त्योच लावलायस गं," ते म्हणाले. "पांढरी पाचच्या जरा वर. माझ्या कानातला सूर तुला कसा काय घावला? ती गुनगुन तर मला कवा कुनाला ऐकवता आली न्हाई."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "आप्पा, मी लावलेला नाही. तो तिथलाच आहे. टाकीचा."

"व्हय," ते म्हणाले, लहान मुलाची समजूत काढावी तसं. "कॉम्प्युटरवर समदं करता येतंय आता. ज्याला काढता येतो त्याला घालताबी येतो की. किती बसलीस गं याला? आठ म्हैने?"

"आप्पा, खरंच हो. शपथ."

"रडू नको. लई मोठं काम केलंस." त्यांनी हेडफोनचा एक कान माझ्याकडे केला आणि एक स्वतःच्या कानाशी धरला. "लाव परत. इतकी वर्सं मला एकट्यालाच ऐकू यायचा. आता निदान दोघांना येतोय."

मी परत लावला. तो पहिल्यापासून सगळ्यांना ऐकू येत होता, हे मी त्यांना आणखी एकदा सांगितलं. ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठले.